येळवशीवर आलेला नाताळ

डेपोच्या नोटीस बोर्डावर नव्या साहेबांचा कागद लागला तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती कंडक्टर सुधारानी. पंचवीस डिसेंबरला सकाळी साडेदहाला डेपोत नाताळ साजरा होणार, केक कापणार, सगळ्यांनी लाल टोप्या घालायच्या, फोटो वरच्या ऑफिसला पाठवायचा आहे, असा मजकूर होता. खाली सही : विजयेंद्र, डेपो मॅनेजर.

“साडेधाला नाताळवाले समदे चर्चात असतेत,” सुधारानी म्हणाली. “आन त्या दिवशी येळवस. बाकीचे समदे शेतात. मग टोप्या काय गाडीच्या चाकांला घालायच्या?”

आजूबाजूचे ड्रायव्हर-मेकॅनिक खो खो हसले. ड्रायव्हर निंगप्पा मात्र हसला नाही. कमरेवर हात ठेवून त्यानं तो कागद पुन्हा एकदा वाचला. स्वभावानं तो तापट. डेपोत त्याला मागून ‘रेडिएटर’ म्हणत, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो तापला नाही, खट्टू झाला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेताच्या पूजेचा सण; ती मार्गशीर्षातली अमावस्या यंदा दोन दिवसांत वाटली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण, म्हणून सगळ्या पट्ट्यानं येळवस पंचवीसलाच करायचं ठरवलं होतं. या सीमेवर येळवस दिवाळीला मागे सारते. त्या दिवशी गावात कुत्रं दिसत नाही. माणसं, पाहुणे, लेकरं, सगळी शेतात, कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे छोट्या खोपटापुढं, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली अंबील जेवायला.

आता दोन सण एका दिवशी आले तर निंगप्पानं का खट्टू व्हावं? त्यासाठी या डेपोची एक रीत सांगायला हवी. ती कुठल्या कागदावर नाही.

डेपोतून भल्या पहाटे एक गाडी हुलसूरवरून हंगरवाडीला जाते. हंगरवाडी म्हणजे कर्नाटकाचं शेवटचं टोक. तिथं कोंबडा आरवला तर महाराष्ट्रात जाग येते. वाटेतल्या प्रत्येक गावात ख्रिस्ती माणसांची चार-दोन घरं. नाताळच्या सकाळी ती सगळी नवे कपडे घालून याच गाडीनं तालुक्याच्या चर्चला येतात, कारण दुसरी गाडीच नाही. आणि या गाडीचा ड्रायव्हर होता सुंदरराज, स्वतः त्याच चर्चचा.

सुंदरराज नोकरीला लागला त्या पहिल्या नाताळला त्यानं अख्ख्या मुलखाला चर्चच्या फाटकाशी आणून सोडलं, आणि स्वतः गाडी फिरवली. निंगप्पा त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत होता. त्याला दिसलं, की हा नवा ड्रायव्हर एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून आतलं गाणं ऐकत थांबला, मग घड्याळ बघून वर चढला. निंगप्पाला तो चहा गोड लागला नाही. पुढच्या वर्षी डिसेंबर लागताच तो सुंदरराजला म्हणाला, “नाताळला तुझी गाडी मी घेतो. येळवसला ह्या रस्त्यावरची माझी ड्यूटी तू घे.” बस, एवढंच. ना सही, ना शपथ. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली होती आणि एकदाही त्यात खंड पडला नव्हता.

त्यांचं बघून डेपोत इतरांनीही जोड्या लावल्या. ज्याचा सण त्याला सुट्टी, ज्याचा नाही त्यानं स्टेअरिंग धरायचं. मेकॅनिक रेवणसिद्ध तर नाताळला हंगरवाडीच्या गाडीवर पत्र्याची चांदणी बसवायचा. बसवण्णाचा पक्का भक्त तो. चांदणीला आधी विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि दसऱ्याला घालतात तसं चाकाखाली लिंबू ठेवायचा. पहिल्या वर्षी ते बघून सुंदरराज म्हणाला होता, “लिंबू येशूला चालतंय का म्हाईत न्हाई, पर टायरीला चालतंय. राहू द्या.”

निंगप्पाला याचा फार अभिमान. नाताळ काय, आजकाल कुठंही होतो. बाजारपेठेतल्या बँकेत फुगे लागतात. इंग्रजी शाळेत शिपायाला कापसाची दाढी चिकटवतात आणि बिचारा दिवसभर खाजवत बसतो. आडतीतल्या एका दालमिलवाल्यानं तर आपल्याकडच्या दोन ख्रिस्ती हमालांना शाली पांघरून फोटो काढला आणि दुपारून त्यांनाच पोती उचलायला लावली. ‘आमच्याकडं शाल-बिल काही नाही,’ निंगप्पा सांगायचा, ‘आमच्याकडं माणूस घरी असतो.’ सांगताना त्याची छाती जरा जास्तच फुगायची, आणि का फुगू नये?

त्या दिवशी दुपारी तो जुन्या टायरांच्या ढिगाजवळ गेला. तिथं कडुलिंबाखाली सुंदरराज डबा खात बसला होता. एकतीस डिसेंबरला तो रिटायर होणार होता. केस पांढरे, पण खाकीची इस्त्री अजून कडक.

“कागद वाचलास?” निंगप्पानं विचारलं.

“वाचलो. साहेब मनापासून करायलेत. केक बिदरहून आणायलेत म्हनं.”

“केकाचं सोड. पंचवीसची गाडी मी घेणार. तुझा नौकरीतला आखरीचा नाताळ हाय.”

“आन तुझा पोरगा किरण दोन वर्सानं येळवसला यायलाय. कामून त्याचा हिरमोड करायलास? गाडी मी घेतो.”

“मी म्हनलो न्हवं, मी घेतो.”

“निंगण्णा, येळवसची गाडी माझी हाय.”

“आन नाताळची माझी.”

दोघंही बरोबर होते, हीच तर पंचाईत. एवढी वर्षं दोघांनी एकमेकांना सण दिला होता आणि आता दोन्ही सण एकाच ताटात आले, तर हात कोणी मागे घ्यायचा?

सुंदरराजनं डब्याचं झाकण लावलं. “येक सांगू? इतक्या वर्सांत तुझ्या शेतातली भज्जी मी कदी तुझ्या शेतात बसून खाल्लो न्हाई. तुझ्या घरून नेत्राक्का दर साली डबा देती. तो मी हंगरवाडीला गाडीत एकटा बसून खातो. भज्जी ब्येस आसती. पर एकट्यानं खाल्लेली येळवस, ती येळवस न्हाई.”

 निंगप्पालाही आठवलं, की दर नाताळला सुंदरराजची बायको रतनम्मा करंज्यांचा डबा गाडीत आणून देते आणि तोही त्या करंज्या स्टेअरिंगवर बसूनच खातो. सुंदरराजच्या घरी तो बारशाला गेला, लग्नाला गेला, मातीला गेला. नाताळला कधीच नाही. जाणार कसा? नाताळला तो सुंदरराजची गाडी चालवत असे, आणि येळवशीला सुंदरराज त्याची. एकमेकांना सण देता देता दोघं एकमेकांच्या सणाला कायमचे गैरहजर राहिले होते. एवढी साधी गोष्ट, पण या दोन शहाण्यांच्या ध्यानात यायला नोकरी संपायची वेळ यावी लागली.

“म्हंजे आता न्हाई तर कदीच न्हाई,” निंगप्पा म्हणाला.

“रिटायर झाल्यावर येतो की.”

“मग त्यात काय हाय? मग तू कोनाचा बी पाव्हना. ड्यूटीवरचा सुंदरराज माझ्या शेतात जेवला पायजे.” हा हट्ट कुठून आला हे त्याचं त्यालाही कळलं नाही, पण एकदा बोलला म्हणजे बोलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. विजयेंद्र साहेब कलबुर्गीचे. घरात तीन पिढ्या शिक्षक, स्वतः शिकून अधिकारी झालेले, वयानं निंगप्पाच्या मुलाएवढे. माणूस सरळ. त्यांची बायको वैष्णवी हैदराबादला एका कंपनीत होती. तिथं डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून जो तो दुसऱ्याला गुपचूप भेट देतो, हे बघून साहेबांना वाटलं होतं, की आपल्या डेपोतही काहीतरी करावं. निंगप्पानं जेव्हा येळवस आणि चर्चची वेळ दोन्ही सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“माझ्या लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, “असं करू. तशीही हंगरवाडीची फेरी तोट्यातली. त्या दिवशी निम्मा स्टाफ रजेवर. मी ती एक दिवस रद्द करतो. सुंदरराज, तुम्ही चर्चला जा. निंगप्पा, तुम्ही शेतात. दोघंही मोकळे.”

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर निंगप्पाचं मन पाघळलं. नुसती मान हलवायची होती. सकाळी तो चर्चला जाईल, दुपारी सुंदरराज कोपीपुढं मांडी घालून बसेल, पुढ्यात भज्जीचं ताट. कोणी काही म्हणणार नव्हतं, साहेबांचाच हुकूम. पण त्याच वेळी त्याला हंगरवाडीच्या फाट्यावरची सोजराबाई दिसली. नाताळच्या पहाटे ती म्हातारी अंधारातच येऊन उभी राहते. अंगावर घडी मोडलेलं नवं लुगडं, त्यावर घोंगडी, आणि बायबल एका फडक्यात गुंडाळून काखेत. दरसाल एकच बोलते : ‘निंगप्पा, मला फुडं बसीव, मागं हादरं बसतेत.’

“न्हाई सर,” निंगप्पा म्हणाला. “गाडी रद्द करून सण करायचा आसंल तर तो आमचा सण न्हाई. ती माणसं फाट्यावर थांबतील. त्यांला कोन सांगायचं?”

सुंदरराज कधी साहेबापुढं जास्त बोलत नसे. त्या दिवशी बोलला. “सर, आमच्या येशूच्या मायला उतारशाळेत जागा न्हाई म्हनले. आता गाडीत बी न्हाई म्हनायचं का?”

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला.  मग त्यांनी विचारलं, “मग काय करायचं?”

“दिवस फोडा, सर,” निंगप्पा म्हणाला. “सकाळची ड्यूटी मला द्या. माणसं चर्चला आणून सोडतो. दुपारून तीच माणसं परत न्यायचीत, ती ड्यूटी सुंदरराजला. माझं शेत वाटेवरच हाय. ड्रायव्हरला जेवायची सुट्टी आसती. ती कुठं घ्यायची ते आमचं आमी बघताव.”

“म्हणजे तुमची येळवशीची सकाळ गेली आणि यांची नाताळची दुपार.”

“आर्धं आर्धं गेलं, सर. पुरं कोनाचंच न्हाई गेलं.”

“आणि माझा केक?” साहेबांनी जरा पडलेल्या आवाजात विचारलं.

दाराशी हिशेब द्यायला आलेली सुधारानी उभी होती. हंगरवाडीच्या गाडीची कंडक्टर तीच. ती म्हणाली, “केकाला काय पाय फुटायलेत का, सर? गाडीत घाला.”

घरी मात्र हे पचलं नाही. मुलगा किरणकुमार पुण्याहून आला होता. तिथं एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, पगार बापाच्या तिप्पट. येळवशीच्या सकाळी बाप गाडी घेऊन जाणार हे ऐकून तो ताटावरच थांबला.

“अप्पा, मी दोन वर्षांनी आलोय. बैलगाडी सांगून ठेवलीय. आणि तुम्ही ड्यूटी घेताय? सुंदरकाकासाठी एक दिवस दुसरा ड्रायव्हर मिळत नाही?”

“मिळतंय की. पर तो मी न्हाई.”

निंगप्पाची बायको नेत्रावती हुशार. तिनं विषय बदलावा तसं विचारलं, “तुमच्यात करतेत का रं नाताळ?”

“करतात ना.” किरणकुमार खुलला. त्यानं फोन काढून फोटो दाखवले. काचेची इमारत, आत उंच झाड, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या, एवढा मोठा केक. त्याला भेट म्हणून कॉफीचा मग मिळाला होता.

“आन यात नाताळवालं कोन हाय?” निंगप्पानं चष्मा चढवून विचारलं.

“आमच्या टीममध्ये एकच. ॲग्नेस. ही बघा, कोपऱ्यात.”

“मग ती आता गावाकडं गेली आसंल.”

किरणकुमारनं फोन खाली ठेवला. “नाही. पंचवीसला सिस्टीमवर एक माणूस लागतो. तिचा नंबर आलाय.”

“तिचाच कामून?”

“खरं म्हणजे माझा होता,” तो म्हणाला. “मी येळवशीची सुट्टी टाकली, मग तिच्यावर गेला.”

नेत्रावतीनं भाकरी वाढली.  एरवी निंगप्पानं घर डोक्यावर घेतलं असतं, पण पोर लांबून आलं होतं आणि चूक कबूल करून बसलं होतं. तो एवढंच म्हणाला, “आमी टोपी घालत न्हाई बाबा. आमी ड्यूटी घेताव.”

पंचवीसला पहाटे कडाक्याची थंडी होती. रेवणसिद्धानं चांदणी आधीच बसवली होती. विभूती लावलेली, लिंबू चाकाखाली. निंगप्पानं लिंबू चिरडून गाडी बाहेर काढली. हंगरवाडीच्या फाट्यावर सोजराबाई घोंगडी पांघरून उभीच होती.

“निंगप्पा, मला फुडं बसीव.”

“बसा की माय, तुमचीच जागा हाय.”

परतताना गाडी अशी भरली की विचारू नका. एकीकडं चर्चला निघालेली माणसं, पोरींच्या केसांत चमकी, पोरांचे बूट कोरे. दुसरीकडं शेतात निघालेली माणसं, डोक्यावर टोपल्या, मांडीवर अंबिलीची मडकी. एका पोराच्या नव्या पँटीवर अंबील सांडली, त्याच्या आईनं तोंड वाकडं केलं, आणि अंबीलवालीनं भरपाई म्हणून त्याच्या हातावर दोन उंडे ठेवले. सुधारानी तिकिटं फाडता फाडता दोन्हींकडचं खात होती. दर फर्लांगाला कोणाचं तरी शेत येई आणि ती घंटी मारी. निंगप्पा मुकाट ब्रेक लावायचा.

चर्चच्या फाटकाशी माणसं उतरली. दरवर्षी निंगप्पा इथूनच गाडी स्टँडवर नेई. आज त्याची ड्यूटी इथं संपत होती. फाटकात सुंदरराज उभा होता. पुढं दुपारची ड्यूटी, म्हणून खाकीतच आला होता, आणि सगळ्या नव्या कपड्यांत ती इस्त्रीची खाकी उठून दिसत होती.

“चल,” तो म्हणाला.

“मी? आत?”

“मग काय टपरीवर चहा पिणार हाईस?”

निंगप्पानं चपला काढल्या. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याआड आहे ना ते चाचपलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. सुंदरराजनं त्याला थेट पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा निंगप्पा दचकला. हे गाणं त्याला पाठ होतं. एवढी वर्षं फाटकाबाहेर गाडी फिरवताना अर्धंच ऐकलेलं. पुढचं अर्धं काय आहे ते आज कळलं. सुंदरराज डोळे मिटून मोठ्यानं गात होता आणि मुळीच सुरात नव्हता. निंगप्पाला वाटलं, याच्याइतकं चांगलं कोणीच गात नाही.

बाहेर पडल्यावर मागच्याच गल्लीत सुंदरराजचं घर. रतनम्मानं निंगप्पासाठी नव्या पातेल्यात नुसता भाज्यांचा भात केला होता. त्यानं करंजी घेतली, भात दोन घास घेतला आणि हात जोडले. “वहिनी, पोट शेतासाठी ठिवायचं हाय. तुमी बी चला गाडीत.” रतनम्मा घरी आलेल्या पाहुण्यांकडं बघू लागली, तर पाहुणेच म्हणाले, आम्ही बी येताव.

दुपारी सुंदरराजनं स्टेअरिंग धरलं. निंगप्पा आपल्याच रस्त्यावर पहिल्यांदा पॅसेंजर म्हणून बसला आणि दर वळणाला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. त्याआधी, गाडी सुटता सुटता, विजयेंद्र साहेब हातात केकचा डबा आणि टोप्यांची पिशवी घेऊन धावत आले. डेपोत सकाळी साडेदहाला कोणी आलं नव्हतं. त्यांनी कोणाला बोलावलंही नव्हतं. सोजराबाईनं त्यांना शेजारी जागा दिली आणि पिशवीतली एक टोपी काढून डोक्यावर घातली. “उनाला बरी हाय,” ती म्हणाली. मग साऱ्या म्हाताऱ्यांनी मागितल्या.

निंगप्पाचं शेत आलं. रस्त्याला लागूनच ज्वारी, मधे तुरीच्या ओळींचे पाटे, आणि पलीकडं कडब्याची कोप. बाराची पूजा दोन वाजले तरी झाली नव्हती. नेत्रावती, सून, भावकी, सगळे उपाशी थांबलेले. किरणकुमार बांधावर येऊन उभा होता.

गाडी थांबली. सुधारानीनं जेवायची सुट्टी जाहीर केली आणि वाटेवरच्या या शेतात नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत. माणसं भराभर उतरली. साहेब केक सांभाळत उतरले. नेत्रावतीनं आधी डब्यात डोकावून विचारलं, “आंडं हाय का यात?” साहेब म्हणाले, “नाही हो, मी तरी कुठं खातो?” मग पूजेनंतर तो केक विळ्यानं कापला गेला.

पण सुंदरराज उतरला नाही. तो स्टेअरिंगवरच बसून होता.

“ये की,” निंगप्पा खालून म्हणाला.

“गाडी रस्त्यावर हाय, निंगण्णा. माणसांचं सामान हाय, मायबायांच्या पिशव्या हाईत. ड्रायव्हर गाडी सोडत न्हाई. मी कदीच उतरलो न्हाई. डबा इथंच दे.”

हे निंगप्पा कसं नाकारणार? तोही कधी उतरला नव्हता. तो गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आला. “खाली उतर. मी बसतो गाडीत. तू जाऊन जेव.”

“आन तू?”

“तू जेवून आल्यावर मी जातो.”

 शेत समोर होतं, पूजा खोळंबली होती, माणसं थांबली होती, आणि पुन्हा तेच झालं होतं. एकानं जेवायचं तर दुसऱ्यानं गाडी राखायची. सुंदरराज हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.  नोकरीभर ज्या रीतीचा त्यानं डंका पिटला, तीच आज आडवी आली होती, आणि ती मोडायचीही त्याची तयारी नव्हती.

“अप्पा, सरका.”

किरणकुमार लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून बांधावरून खाली आला होता. त्यानं चपला झटकल्या, सुंदरराजच्या बाजूचं दार उघडलं. “काका, उतरा. तुम्ही दोघंही जा. ही ड्यूटी माझी.”

“आरं, तुझ्या बायकोची पयली येळवस हाय,” निंगप्पा म्हणाला. “तू जेवला न्हाईस.”

“मी नंतर जेवतो. ॲग्नेसचा अर्धा दिवसही घेतलाय मी. फोनचं नेट लावून लॅपटॉपवर जमेल तेवढं बघतोय, ती सकाळीच चर्चला गेलीय. इथं बसून तेही होईल.” मग तो जरा हळू म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना, टोपी घालत नाही म्हणून.”

सुंदरराज खाली उतरला. इतक्या वर्षांत येळवशीच्या दिवशी त्याचा पाय पहिल्यांदा शेताच्या मातीला लागला. त्याच्या नावावर इंचभर जमीन नव्हती; बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात सालगडी म्हणून साल धरलं होतं, आणि येळवशीचं मडकं मालकाच्या घरून शेतापर्यंत डोक्यावर वाहिलं होतं. निंगप्पाला हे ठाऊक होतं. कोपीपुढं पूजा झाली तेव्हा त्यानं अंबिलीचं मडकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आंब्याचा डहाळा सुंदरराजच्या हातात दिला.

“मडकं मी धरतो. शिंपडायचं तू.”

दोघं ज्वारीतून निघाले. सुंदरराज डहाळा बुडवायचा, पिकावर शिंतोडे उडवायचा, आणि निंगप्पा येळवशीची आरोळी द्यायचा, “ओलगे, ओलगे!” मागून भावकी, चर्चची माणसं, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, साहेब, सगळे साथ देत होते : “सालम पलगे!” सुंदरराजला शब्द येत होते. दरसाल ते त्याच्या खिडकीतून ऐकू आले होते.

शेताच्या टोकाला वळताना निंगप्पानं रस्त्याकडं बघितलं. उन्हात गाडी उभी होती, पत्र्याची चांदणी चमकत होती. ड्रायव्हरच्या जागेवर त्याचा पोरगा बसला होता. मांडीवर कॉम्प्युटर उघडा, पण एक हात स्टेअरिंगवर, जसं काही सोडलं तर गाडी पळून जाईल. निंगप्पाचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत. खांद्यावर मडकं असताना लपवणार तरी कशानं?

“बघ,” तो म्हणाला, “पोरगा माझा.”

“बघायलो की.”

दोन पावलं गेल्यावर मात्र निंगप्पातला ड्रायव्हर जागा झाला. “सुंदर, किल्ली काढलास न्हवं?”

सुंदरराजनं खाकीचा खिसा चाचपला.

“काढलो,” तो म्हणाला. “पर पोराला सांगू नको.”